खुडूक कोंबडी, थर्माकोलचं खोकं आणि बदकाची पिल्लं

अंडी उबवायची म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, ‘मशीन कुठलं घेऊ?’ माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिल्या खेपेला मशीन नको, खुडूक कोंबडी, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, शोधा. शेजारणीकडून महिनाभर उसनी आणावी लागली तरी चालेल. मशीनमध्ये आपण ऊब देतो, ओल ठेवतो, अंडी फिरवतो, मध्येच थोडी गार होऊ देतो. ही सगळी त्या कोंबडीची नक्कल आहे. अस्सल एकदा डोळ्यांनी पाहिलेलं असलं की नक्कल कुठे बिघडली ते लगेच कळतं. मी उलट्या क्रमाने शिकले, आधी मशीन आणि मग कोंबडी. त्या हौसेत दोन खेपांची मिळून चाळीसेक अंडी परसात खड्डा खणून पुरली.

आमचं घर सिंधुदुर्गात. पडवीला लागून खुराडं आहे, त्यात पंधरा-वीस गावठी कोंबड्या, आणि विहिरीच्या सांडपाण्यावर खाकी कॅम्पबेल जातीची सहा बदकं. पुढे लिहिलंय ते एवढ्याच पसाऱ्यातलं. हजार पक्ष्यांच्या शेडला यातलं बरंचसं लागू पडणार नाही.

अंडी निवडताना

दुकानातली पांढरी अंडी उबवू नका. ती ज्या कोंबड्यांची असतात त्यांनी कोंबडा पाहिलेलाच नसतो, त्यामुळे त्यांतून पिल्लू निघणं शक्य नाही. गावठी कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा हवा, बदकांत पाच-सहा माद्यांमागे एक नर. नवा कोंबडा आणला असेल तर आठ-दहा दिवस जाऊ द्या आणि मग अंडी साठवायला घ्या. कोंबडा मेला किंवा विकला, तरी त्यानंतर दहा-बारा दिवसांची अंडी बहुधा फळलेलीच असतात.

मध्यम आकाराचं, नीट अंडाकृती, तडा नसलेलं अंडं घ्या. फार मोठ्यात दोन बलक निघतात आणि ते क्वचितच तडीस जातात. अंडी धुऊ नका. कवचावर एक नैसर्गिक पातळ लेप असतो, तो धुतला की छिद्रांवाटे जंतू आत शिरतात. सुकलेली माती नखाने किंवा कोरड्या फडक्याने काढा. बदकाची अंडी मात्र हमखास चिखलात लडबडलेली मिळतात. त्याला उपाय धुण्याचा नव्हे, खुराड्यात रोज कोरडा पेंढा टाकण्याचा. बदक पहाटेच अंडं घालतं, म्हणून सकाळी आठ-नऊपर्यंत त्यांना आतच ठेवा. एरवी अंडी ओहोळात सापडतात किंवा सापडतच नाहीत.

साठवणीत लोक सर्वांत जास्त चुकतात. अंड्यातला गर्भ साधारण २०-२१ अंशांच्या खाली झोपून राहतो. त्याहून जास्त उष्णतेत तो अर्धवट वाढायला लागतो, आणि पूर्ण ऊब न मिळाल्याने मरतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये स्वयंपाकघरातल्या टोपलीतही ३२-३३ अंश असतात. त्यामुळे उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनं अंडं बसवू नका, थंडीत आठवडाभर चालतं. फ्रिजही नको, तो फार गार असतो. मी मातीच्या पसरट कुंडीत वाळू भरून ती भिजवते, वर गोणपाट आणि त्यावर अंड्यांची टोपली. टोक खाली, बूड वर. बुडाशी हवेची पोकळी असते आणि पिल्लू पहिला श्वास तिथेच घेतं. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख घाला. शाईचं पेन नको. अंडी एसटीतून किंवा दुचाकीवरून आणली असतील तर बसवण्याआधी रात्रभर तशीच स्वस्थ राहू द्या.

जातीबद्दल थोडं. वनराज, गिरिराज या सुधारित कोंबड्या अंडी भरपूर देतात, पण खुडूक बसायचं जवळजवळ विसरल्या आहेत. खाकी कॅम्पबेलचंही तेच. ज्या काळ्या-पांढऱ्या बदकाच्या तोंडावर लाल खडबडीत मांस असतं ते मस्कोव्ही. त्याची मादी स्वतः छान बसते, पण तिला ३५ दिवस लागतात. बाकी बदकांना २८ आणि कोंबडीला २१. म्हणून सुधारित कोंबड्यांची आणि बदकांची अंडी शेवटी गावठी कोंबडीच्याच पोटाखाली जातात. अंडी मिळतच नसतील तर राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्याजवळ खडकीला, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला आहेत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं की तिथल्या पिल्लांची मागणी कशी नोंदवायची ते सांगतात.

कोंबडी रवणाला बसवणं

खुडूक झालेली कोंबडी ओळखायला शिकवावं लागत नाही. ती अंडी घालायची थांबते, खुराड्याचा कोपरा धरून बसते, हात नेला की पिसं फुलवून ‘कर्रर्र’ करते आणि चोच मारते. उचलून पोटाखाली बघा. छातीची पिसं झडून कातडी उघडी पडलेली असते आणि हाताला चटका बसावा इतकी गरम लागते. त्या उघड्या कातडीनेच ती अंड्यांना ऊब देते.

बसवण्याआधी तिच्या उवा-पिसवांचा बंदोबस्त करा, नाहीतर दहाव्या दिवशी ती बेजार होऊन उठते. पंखांच्या बगलेत आणि शेपटीखाली चाळलेली चुलीची राख चोळायची, पाटीत तळाला निर्गुडीची पानं घालायची. पाटीत आधी चार बोटं माती किंवा वाळू, तिला मध्ये खळगा, त्यावर मऊ पेंढा. सपाट तळ असला तर अंडी कडेला घरंगळतात आणि गार पडतात. जागा अंधारी, कुत्र्या-मांजरांपासून दूर आणि मुंग्या नसलेली हवी. मुंग्या हलक्यात घेऊ नका. पिल्लू कवच टोचतं त्या ओल्या भोकाशी मुंग्या लागल्या तर ते आतच संपतं. पाटीच्या चारी बाजूंना राखेची रेघ ओढून ठेवा.

गावठी कोंबडीखाली स्वतःची दहा-बारा किंवा बदकाची सहा-सात अंडी मावतात. आजी अंडी विषमच ठेवायची, नऊ नाहीतर अकरा, आणि मेघगर्जनेने ती ‘गाजू’ नयेत म्हणून पाटीत एक लोखंडी खिळा टाकायची. खिळ्याचं मला सांगता यायचं नाही. विषम संख्येत मात्र अंडी एकमेकांत नीट बसतात असा माझाही अनुभव आहे. कोंबडी रात्री बसवा. दिवसा नव्या जागी ठेवलेली कोंबडी उठून जुन्या कोपऱ्यात जाते.

मग रोज एकदा ती पंधरा-वीस मिनिटं उठते. दाणे खाते, पाणी पिते, मातीत लोळते आणि एकच भलीमोठी, भयंकर वासाची विष्ठा टाकते. उठतच नसेल तर हलकेच उचलून बाहेर ठेवा. उचलण्यापूर्वी पंखांखाली हात घालून बघा, बगलेत एखादं अंडं अडकलेलं असतं आणि ते फरशीवर पडतं.

एक धोक्याची सूचना. बदकाची आणि कोंबडीची अंडी एका पाटीत ठेवायची हौस असेल तर बदकाची आधी ठेवा आणि बरोबर सात दिवसांनी कोंबडीची. एकाच दिवशी ठेवलीत तर २१व्या दिवशी कोंबडीची पिल्लं निघतात, आई त्यांना घेऊन चालू पडते आणि बदकं आठवडा बाकी असताना थंड पडतात.

मशीन, तेही घरचं

कोंबडी खुडूक व्हायची वाट बघवत नसेल तर खोकं करा. मासळी बाजारात थर्माकोलचे जाड पेटारे मिळतात, वास गेला की उत्तम. त्यात ४० वॅटचे दोन साधे पिवळे बल्ब लावा. दोन एवढ्यासाठी की एक उडाला तर दुसरा निभावून नेतो. एलईडी चालत नाही, त्यात उजेड असतो, ऊब नसते. संगणकातला छोटा पंखा, ठरवलेल्या अंशाला बल्ब चालू-बंद करणारा एक डिजिटल थर्मोस्टॅट, तळाला पाण्याची वाटी, त्यावर जाळी, बाजूला आणि झाकणाला पेन्सिल जाईल एवढी चार-सहा भोकं. अंड्यालाही श्वास लागतो, म्हणून भोकं बुजवू नका.

पंखा असेल तर ३७.५ अंश सेल्सिअस. पंख्याशिवाय हवा थरांत विभागते, म्हणून अंड्याच्या वरच्या पातळीला मोजून ३८.३ ते ३८.९. अर्धा अंश इकडेतिकडे झाल्याने पिल्लू एक दिवस उशिरा किंवा लवकर निघतं, त्याचं एवढं नाही. ४० अंशांच्या वर काही तास गेले तर मात्र खेळ संपतो. अंडं गारव्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, जादा उष्णतेला लगेच मरतं. माझी दुसरी खेप तशीच गेली. बाराव्या दिवशी पहाटे थर्मोस्टॅट चिकटून बसला, बल्ब बंदच होईनात, मी उठून बघते तो आकडा ४२. तेव्हापासून खोक्यात एक स्वतंत्र, साधा थर्मामीटर असतो. थर्मोस्टॅटच्या आकड्यावरही आंधळा विश्वास नको. घरात ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर असतो ना, तो अंड्यांत ठेवा. ९९.५ ते १०० फॅरनहाइट दाखवला तर ठीक.

आता दमटपणा. पुस्तकं सांगतात, कोंबडीला पहिले १८ दिवस ५०-५५ टक्के, मग ६५-७०. बदकाला थोडा जास्त, ५५-६० आणि शेवटी ७०-७५. पण पुस्तकाला तुमचं गाव माहीत नसतं. आमच्याकडे जुलैत बाहेरच ९० टक्के असतो, तेव्हा पहिले १८ दिवस मी वाटीत पाणीच घालत नाही. नांदेडला किंवा चंद्रपूरला एप्रिलमध्ये दोन वाट्याही पुरणार नाहीत. ओल वाढवायची तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवा. खोली वाढवून काही होत नाही, खोल भांड्यापेक्षा पसरट ताटली बरी. ओल जास्त झाली तर अंड्यातलं पाणी उडत नाही, पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू शेवटच्या दिवशी आतल्या पाण्यात गुदमरतं. हवं तर अंडं वजन करून बघा. अठराव्या दिवसापर्यंत ते साधारण १२-१४ टक्के हलकं व्हायला हवं, म्हणजे ५० ग्रॅमचं अंडं ४३-४४ वर.

अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम वेळा अशासाठी, की रात्रीची लांब झोप दरवेळी एकाच बाजूवर होत नाही. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढून ठेवा. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ कवचाच्या पडद्याला चिकटतो. बदकाची अंडी दहाव्या दिवसानंतर रोज दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडून गार होऊ द्या आणि कोमट पाण्याचा हलका फवारा मारा. मादी ओल्या अंगाने परत येऊन बसते, त्याचीच ही नक्कल.

वीज गेली तर? झाकण उघडू नका. हे मी स्वतःला ओरडून सांगते, कारण पहिल्या खेपेला रात्री पाच तास वीज गेली आणि मी दर पाव तासाने ‘किती उतरलं’ बघायला झाकण उघडत राहिले. ऊब मीच घालवली. गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून एकदाच आत ठेवा, खोक्यावर घोंगडी टाका आणि जाऊन झोपा. दोनेक तासांच्या गारव्याने सहसा काही बिघडत नाही.

अंधारात अंडं बघणं

सातव्या रात्री खोलीतला दिवा घालवा, मोबाइलचा टॉर्च मुठीच्या भोकातून अंड्याच्या बुडाशी टेकवा. फळलेल्या अंड्यात मध्ये एक गडद ठिपका आणि त्याच्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा फाकलेल्या दिसतात. नीट बघितलं तर ठिपका हलतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं. आरपार पिवळसर उजेड दिसला तर अंडं पोकळ, म्हणजे फळलेलंच नाही. नुसतं लाल कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच मेला. दोन्ही काढून टाका. सडलेलं अंडं खोक्यात फुटलं तर त्याची घाण बाकीच्यांना लागते. गडद कवचाच्या अंड्याचा निकाल सातव्या दिवशी लावू नका, चौदाव्या दिवशी पुन्हा बघा. तोवर चांगलं अंडं जवळजवळ काळं झालेलं असतं आणि फक्त बुडाशी पोकळी उजळते.

शेवटचे तीन दिवस

कोंबडीच्या अंड्यांना १८व्या आणि बदकाच्या अंड्यांना २५व्या दिवशी फिरवणं बंद. पाण्याची ताटली मोठी करा, जाळीवर गोणपाटाचा तुकडा अंथरा आणि झाकण लावा. इथून पुढे तुमचं काम फक्त बघण्याचं.

विसाव्या दिवशी अंडं कानाशी धरलं तर आतून टकटक आणि बारीक चिवचिव ऐकू येते. मग कवचावर तांदळाएवढा तडा दिसतो. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. तडा पडल्यावर पिल्लू कित्येक तास काहीच करत नाही. ते झोपलेलं नसतं. आतल्या शिरांतलं रक्त आणि पोटाशी उरलेला बलक ते अंगात ओढून घेत असतं. कोंबडीच्या पिल्लाला यात १२ ते २४ तास जातात, बदकाच्या पिल्लाला दीड-दोन दिवस. मग ते आत गोल फिरत बुडाचं झाकण टोचून काढतं आणि पायाने ढकलून बाहेर येतं.

मदत करावी का? माझं मत बहुतेक वेळा ‘नाही’ असंच आहे. फुगा फोडावा तसं कवच सोलणारे लोक रक्त वाहवून पिल्लं मारतात. कोंबडीच्या तड्याला २४ तास आणि बदकाच्या तड्याला ४८ तास उलटले, आतला पडदा पांढरा-पिवळा, कागदासारखा सुकला, तरच कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने पडदा ओला करून भोक थोडं मोठं करा. लाल शीर दिसली की थांबा आणि अंडं परत आत ठेवा.

निघालेलं पिल्लू ओलं, गलथान, मेल्यासारखं पडून राहतं. त्याला लगेच बाहेर काढू नका. सुकून फुलू द्या. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस खाण्यावाचून राहतं, तेव्हा उपाशी आहे म्हणून घाई करायचं कारण नाही. दर पिल्लाला झाकण उघडलंत तर मागच्या अंड्यांतले पडदे सुकून ती अडकतात. बारा तासांनी एकदाच उघडा, सुकलेली सगळी काढा.

पहिला आठवडा

कोंबडीने उबवली असतील तर तुम्हाला फारसं काम नाही. डालग्याखाली आईसकट ठेवा, पाणी आणि दाणा द्या. मशीनची पिल्लं असतील तर आता तुम्ही आई.

पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या. तळाला तांदळाचा तूस, त्यावर पहिले तीन दिवस गोणपाट. नुसतं वर्तमानपत्र अंथरू नका, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि कायमचे फाकलेलेच राहतात. बल्ब एका कोपऱ्यात, साधारण पिल्लामागे दोन वॅट. बल्बखाली पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी. बदकाच्या पिल्लांना ३२पासून सुरुवात केली तरी पुरते आणि ती लवकर सावरतात. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. बल्बखाली एकमेकांवर चढून कर्कश ओरडत असतील तर थंडी, लांब पळून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकाडा, सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर वाऱ्याची झुळूक कुठून तरी येते आहे. इकडेतिकडे पांगून हळूच चिवचिवत असतील तर जमलं. मात्र दुसऱ्या टोकाला गार कोपरा ठेवाच, पिल्लांना स्वतः निवडू द्या.

आधी पाणी, मग दाणा. प्रत्येकाची चोच कोमट गुळाच्या पाण्यात एकदा बुडवून दाखवा. तासा-दोन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी टाका आणि बोटाने टकटक करा, आई करते तसं. पिल्लं धावत येतात. पण कणी हा पहिला घास झाला, रोजचं जेवण नव्हे. दुकानात मिळणारं पिल्लांचं खाद्य, ज्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, ते पहिले सहा-आठ आठवडे द्या. पैसे वाचवायचे असतील तर वाळवीचं मडकं लावा. जुन्या मडक्यात ओलं गोणपाट, सुकं शेण आणि पेंढा कोंबून ते संध्याकाळी वारुळाच्या भोकावर पालथं घाला, सकाळी आत वाळवी खदखदत असते. पिल्लांसमोर ते झटकून बघाच, एवढी धांदल दुसऱ्या कशाने उडत नाही. आमच्याकडे जवळाही घालतात, पण मीठ निघेपर्यंत धुऊन.

रोज सकाळी एकेकाची शेपटी वर करून बघा. शी चिकटून सुकली असेल तर कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून काढा, ओढू नका. वाट बंद झाली की पिल्लू दोन दिवसांत जातं. आणि मुलांना पिल्लं हातात देताना नंतर साबणाने हात धुवायला लावा. गोंडस पिल्लाच्या विष्ठेतही पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू असू शकतो.

बदकाची पिल्लं वेगळी वाढवा

सुरुवातीला दोन्ही एकाच खोक्यात ठेवायचा मोह होतो. चौथ्या दिवशी उतरतो. बदकाचं पिल्लू पाण्याशी खेळल्यावाचून राहत नाही. ताटलीत चोच बुडवून मान झटकतं, खाद्याचा चिखल करतं, तूस भिजवतं, आणि त्या ओलीत कोंबडीची पिल्लं गारठतात.

पाणी मात्र त्याला हवंच, आणि खाद्याच्या शेजारीच. कोरडा भरडा घशात अडकला तर ते गुदमरतं. भांडं नाकपुड्या बुडतील इतकं खोल, पण अंग आत जाणार नाही इतकं अरुंद ठेवा. मी पसरट भांड्यात नदीतले गोटे घालते आणि ते जाळी लावलेल्या ट्रेवर ठेवते, सांडलेलं खाली जातं.

पोहायला कधी सोडायचं? मशीनच्या किंवा कोंबडीच्या बदकपिल्लांना तीन-चार आठवडे खोल पाण्यापासून लांब ठेवा. बदकाची आई पिल्लांना पोटाशी घेते तेव्हा तिच्या पिसांवरचं तेल त्यांना लागतं. ते नसलेली लव पाणी शोषते, पिल्लू भिजून थंडीने मरतं. कोंबडीच्या पाठोपाठ गेलेल्या आमच्या सात पिल्लांनी अकराव्या दिवशी विहिरीच्या पाटात उड्या मारल्या. कोंबडी काठावर पिसं फुलवून इकडून तिकडे धावत होती, एक पाय पाण्यात घालायची, झटकायची, परत ओरडायची. तिला काय दिसत होतं कोण जाणे, पण तो आवाज रोजचा नव्हता. मी सगळी बाहेर काढून फडक्याने पुसली, तरी एक संध्याकाळपर्यंत गेलं.

खाण्यात दोन गोष्टी सांभाळा. एक, बदकाच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा नायसिन, म्हणजे ब-जीवनसत्त्वातला एक घटक, बराच जास्त लागतो. नुसत्या कणीवर वाढवलं तर दोन-तीन आठवड्यांत घोटे सुजतात, पाय वाकतात, पिल्लू बसून राहतं. जनावरांच्या औषधाच्या दुकानातलं पातळ बी-कॉम्प्लेक्स पाण्यातून द्या किंवा खाद्यात ब्रुअर्स यीस्टची पूड मिसळा. दुसरी गोष्ट बुरशी. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले, तेव्हा शोध घेताना ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतली बुरशी सापडली आणि अफ्लाटॉक्सिन हे विष ओळखलं गेलं. बदकाची पिल्लं त्या विषाला कोंबडीच्या पिल्लांहून कितीतरी नाजूक असतात. पावसाळ्यात कुबट वास आलेली पेंड किंवा मका ‘वाया कशाला घालवा’ म्हणून त्यांच्यापुढे टाकू नका.

आणखी एक, त्रास म्हणा की मौज. मशीनमध्ये निघालेलं बदकपिल्लू पहिल्या दिवशी जे हलताना दिसेल त्याला आई मानतं. कॉनराड लॉरेन्झ यांनी हंसपिल्लांवर याचा अभ्यास केला होता, १९७३ च्या नोबेल मानकऱ्यांत ते होते. आमच्याकडे ही पिल्लं माझ्या निळ्या रबरी चपलांच्या मागे फिरायची. दुसऱ्या कुणी त्या चपला घातल्या की त्याच्याही मागे.

लसी

गावठी कोंबडीला काही होत नाही हा समज मानमोडी एका आठवड्यात मोडून काढते. हिरवी पातळ शी, मान पिळवटणं, पाय लुळे, आणि खुराडं रिकामं. १९२७ साली उत्तराखंडातल्या राणीखेतला नोंदवला गेला म्हणून याला राणीखेत रोगही म्हणतात. औषध नाही, लसच. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा. सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस, आठ-दहा आठवड्यांत आर टू बी ही मानमोडीचीच दुसरी लस टोचून. बदकांना आठव्या आठवड्यानंतर डक प्लेगची. नेमक्या तारखा तुमच्या पशुवैद्यांकडून पक्क्या करून घ्या, भागात कुठला रोग चालू आहे ते त्यांना ठाऊक असतं.

अडचण अशी की कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते आणि आपली पिल्लं बारा. कुपी फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवा. थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणा, सकाळी उन्हं चढायच्या आत उरका, आजारी पिल्लाला देऊ नका. तीन ते सहा आठवड्यांच्या वयात विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण, ओल्या तुसातून येते. तूस बदला आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. अनेक पक्षी अचानक पटापट मेले तर ते ओढ्यात फेकू नका, दवाखान्याला कळवा. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये.

बाहेर सोडताना

पाच-सहा आठवड्यांत पिसं भरतात, मग बल्ब नको. आधी दोन-चार दिवस डालग्याखाली अंगणात, मग मोकळं. आई बरोबर असेल तर घारीची सावली पडताच तिचा एक विशिष्ट घोगरा आवाज निघतो आणि पिल्लं जागच्या जागी गवतात दबतात. मशीनच्या पिल्लांना हे कुणी शिकवलेलं नसतं, ती मान वर करून घारीकडे बघत उभी राहतात. त्यांना झाडोरा असलेल्या जागीच सोडा. मुंगूसही शत्रूच. खुराड्याची जाळी अर्ध्या इंचाची हवी आणि ती जमिनीत वीतभर पुरलेली हवी. कोंबड्यांना बसायला आडवी काठी लावा. बदकं जमिनीवरच बसतात, त्यांना काठी नको, कोरडा तळ हवा.

दोन-अडीच महिन्यांनी एखाद्या सकाळी आई कालपर्यंत पोटाशी घेतलेल्या पिल्लांनाच टोचून हाकलायला लागते. कोंबडीने पिल्लं तोडली, असं म्हणतात. काळजी करू नका, थोड्याच दिवसांत ती पुन्हा अंड्यावर येते. बदकांत नर-मादी ओळखायची तर सहा-आठ आठवड्यांनी आवाज ऐका. मोठ्याने ‘क्वॅक’ करते ती मादी, बसलेल्या घशाने बोलतो तो नर. पुढे नराच्या शेपटीवर एक कुरळं पीसही येतं.

गावठी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, सहा-सात महिन्यांची झाली की अंडं घालते, खाकी कॅम्पबेल पाच-सहा महिन्यांची झाली की. पहिली अंडी लहान असतात, त्यांतून निघणारी पिल्लंही लहान आणि कमजोर. ती खाऊन टाका. अंड्याचा आकार महिना-दीड महिन्याने स्थिरावतो, मग पेन्सिल घेऊन तारखा घालायला बसा.